बिनतारी माईक आणि भरलेले पटांगण

गावची जत्रा असो, हरिनाम सप्ताह असो, की शाळेचे स्नेहसंमेलन असो, माईकची तार आता दिसेनाशी होत चालली आहे. कीर्तनकार बुवांच्या कमरेला एक लहानशी डबी लावलेली असते. नाटकातल्या मुलाच्या कानामागून एक बारीक काडी गालापर्यंत आलेली असते. पखवाजाला आणि पेटीलासुद्धा अशी डबी अडकवलेली दिसते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण ही व्यवस्था ज्यांच्या गळ्यात पडते, त्या गुरुजींना जरा विचारून पाहा. सकाळच्या रंगीत तालमीला आवाज कसा खणखणीत होता! संध्याकाळी पटांगण भरले, पाहुणे स्थानापन्न झाले, सातवीतली मुलगी महिनाभर घोकलेले संवाद बोलायला उभी राहिली, आणि तिचे ओठ हलताहेत पण शब्द मात्र तुटून तुटून येताहेत. लोक हसतात. पोरीला वाटते, आपलेच चुकले. तिचे काहीएक चुकलेले नसते, मंडळी. सकाळी आणि संध्याकाळी पटांगण एकच असले, तरी लहरींच्या दृष्टीने ते एक नव्हते.

ते कसे, ते पाहू. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे डिजिटल बिनतारी माईक 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा 2400 पासून साधारण 2483 मेगाहर्ट्झपर्यंतचा. येथे परवान्याची अट नाही, म्हणून संच विकत घेतला की लगेच वापरता येतो. पण धर्मशाळेला कुलूप नसले म्हणजे तिथे कोण कोण येऊन उतरेल याचा नेम नाही! वायफाय याच पट्ट्यात, ब्लूटूथ याच पट्ट्यात, आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही इथेच थोडीफार सांडलवंड करते. वायफायचा एक राउटर यातली सुमारे 20 मेगाहर्ट्झ जागा अडवतो. म्हणजे एकमेकांना धक्का न लावता फार तर तीन राउटर मावतात. आता पाचशे माणसे खिशात मोबाइल घेऊन बसली, त्यांतल्या दहाजणांनी हॉटस्पॉट चालू ठेवला, तर तुमच्या माईकने जायचे कुठे?

जुन्या पद्धतीच्या माईकमध्ये अशी गर्दी झाली की आधी खरखर यायची, आवाज बसल्यासारखा व्हायचा. आपण सावध होत असू. डिजिटल माईक तशी सूचना देत नाही. तो आवाजाचे आकडे करून पाठवतो, काही संचांत सेकंदाला 48 हजार वेळा. आकडे नीट पोचले तोवर आवाज स्वच्छ. पुरेसे पोचले नाहीत, की एकदम शांतता. म्हणून रिकाम्या पटांगणात आवाज स्वच्छ आला, यावरून आपण काठावर आहोत की काठापासून दूर, हे कळत नाही. तालीम भरल्या पटांगणात करता येत नाही हे खरे. परंतु वीस-पंचवीस मुलांना मोबाइलवाल्या पालकांसह पुढे बसवून, एकाला माईक घेऊन रंगमंचाच्या चारी कोपऱ्यांत बोलत फिरवता येते. आवाज जिथे तुटेल ती जागा खडूने आखून ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, रिसीव्हर ठेवायचा कुठे. आपल्याकडे तो बहुधा साऊंडवाल्याच्या टेबलावर असतो, श्रोत्यांच्या मागे, खोक्यांच्या आड. ही जागा वाईट. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, वीतभराहून बरीच कमी. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि हे पाणी ती लहर शोषून घेते. बसलेली माणसे उभी राहून टाळ्या वाजवू लागली की जणू पाण्याची भिंतच उभी राहिली! शिवाय अंतर दुप्पट झाले की लहरींचा जोर चौथाईवर येतो. गुरुजनांनी फळ्यावर मांडून पाहावे: 40 मीटरवरचा रिसीव्हर 10 मीटरवर आणला तर मोकळ्या जागेत जोर 16 पटींनी वाढतो. असा लाभ पैसे खर्च करून मिळायचा नाही. तेव्हा रिसीव्हर रंगमंचाच्या बाजूला, माणसांच्या डोक्यांहून उंच ठेवा, आणि तेथून टेबलापर्यंत तार ओढा. तारेला गर्दीची भीती नसते. मात्र माईकच्या अगदी नाकासमोरही नको, तीनेक मीटर अंतर असू द्या. लोखंडी कपाट, एलईडीचा मोठा पडदा आणि शाळेचा राउटर यांच्याशी त्याची सोयरीक नको. राउटर 5 गिगाहर्ट्झवर चालवता येत असेल तर तसा लावावा, नाहीतर कार्यक्रमापुरता सरळ बंद करावा.

कमरेची डबी अंगाला चिकटवू नये, तिची शेपटी घामात भिजू देऊ नये. हातातला माईक तळाशी धरू नये. अनेक माईकांत लहरी सोडणारा भाग तिथेच असतो. पोवाडे म्हणणारे शाहीर नेमके तिथेच मूठ आवळतात, बरे का!

काही संच 2.4 चे नसून 470 ते 800 मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात. त्यांतले 700 च्या वरचे जुने संच घेताना जपा. 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलकडे गेला आहे. आणखी एक गंमत सांगतो. दोन माईक 600 आणि 601 वर लावले, तर दोघांच्या मिश्रणातून 599 आणि 602 वर भुतासारखे आणखी दोन उभे राहतात. तिसरा माईक तुम्ही नेमका 602 वर ठेवला, तर त्याला त्या भुताची बाधा होणारच. म्हणजे सारखे अंतर राखून एकापुढे एक आकडे निवडणे, हे दिसायला नीटनेटके असले तरी इथे घातक. कंपनीने दिलेल्या गटातले आकडे निवडावेत. ही आकडेमोड त्यांनी आधीच केलेली असते.

लावताना क्रम असा ठेवा. सर्व माईक बंद करून फक्त रिसीव्हर चालू करा, आणि त्याला मोकळी जागा शोधू द्या. माईक बंद असतानाही रिसीव्हरवर लहरींचे दिवे लागले, तर ती जागा दुसऱ्या कुणाची आहे, पुढे चला. मग एकेक माईक चालू करा, आणि आधीचे बंद न करता सगळे मिळून ऐका. हे काम कार्यक्रमाच्या तासभर आधी, दिवे आणि पडदे पेटलेले असताना करावे. बॅटऱ्या ताज्या घालाव्यात. एरवी बॅटरी उतरल्याचा दोषही गर्दीच्याच माथी मारला जातो.

आणि रंगमंचाच्या एका कडेला तारेचा एक माईक जोडून, चालू करून, उभा ठेवा. निवेदन करणाऱ्या बाईंना आणि नाटकातल्या मुलांना तो आधी दाखवून ठेवा. आवाज तुटू लागला, तर कुणाच्या खुणेची वाट न पाहता दोन पावले टाकून त्यापुढे जायचे, हे तालमीतच एकदा करून घ्यावे.