दूध कुणी प्यायले?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



चाळीत कांदा सडत असताना गोष्टी कसल्या सांगता, असे कुणी म्हणेल. रास्त आहे. रूपककथा वाचून कांद्याचा भाव कळत नाही.

तरी एक सांगतो. जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाचे 'अ‍ॅनिमल फार्म' १९४५ साली निघाले. रशियातील क्रांतीचे काय झाले ते त्याने जनावरांच्या गोष्टीत सांगितले. जनावरे मालकाला हाकलतात, शेत आपले म्हणतात. लगेच पाच बादल्या दूध निघते. याचे काय करायचे, अशी विचारणा होते. पुढारी डुक्कर म्हणते, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी परततात तो दूध गायब! पुढची सारी लबाडी त्या बादल्यांत आहे.

१९४७ साली जर्मनीतल्या छावण्यांतील निर्वासितांसाठी त्याचे युक्रेनी भाषांतर निघाले. ऑरवेलने मानधन घेतले नाही. १९३२-३३ साली सरकारने धान्य खरवडून नेले आणि युक्रेनच्या खेड्यांत लाखो माणसे उपाशी मेली. त्या मुलखातल्या वाचकाला डुकरे म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको होते. अमेरिकी लष्कराने बऱ्याच प्रती जप्त करून रशियनांच्या हवाली केल्या.

आम्हाला मात्र त्यातले गाढव बोचते. भिंतीवरच्या नियमांत गुपचूप शब्द वाढतात. घोडीला धड वाचता येत नाही. गाढवाला येते, पण ते भानगडीत पडत नाही. राबून खचलेल्या घोड्याला इस्पितळाच्या नावाखाली न्यायला गाडी येते, तेव्हा कुठे ते पाटी वाचते. गाडी घोडे कापणाऱ्याची असते. तोवर उशीर झालेला.

आम्ही शेतकी पदवीधर. नोकरीत असताना खर्चाच्या तक्त्यात घरच्या बाईची मजुरी शून्य धरलेली दिसे. वाचता येत होते. सही करून कागद पुढच्या टेबलावर सरकवत होतो. त्याच पगारावर आमची मुले शिकली, हेही सांगितले पाहिजे.

शेवटी जनावरे खिडकीतून आत पाहत राहतात. पुढे काय करायचे ते ऑरवेल सांगत नाही. ते आपले आपल्यालाच ठरवायचे आहे.

जेवणानंतर जिल्ह्याच्या निधीचा हिशेब फळ्यावर लिहिला जाईल. वाचता येणाऱ्याने शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवावा. पावत्या आणि आकडा जुळत नसेल तर आजच विचारा. आम्हालाही विचारा.