गाडी आणि गोळाभात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा मुलगा शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरतो, म्हणून आज मला बोलायला उभे केले आहे. दंडबैठकांतले मला काय कळते! पण त्याचा डबा आणि गाडीची वेळ माझ्याकडे असते, तेवढेच सांगते.

आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवायला गेले, ते बोटीने. विसाव्याला पुष्कळ दिवस मिळाले असतील. आमच्या हाती एक रात्र. अकोल्याहून मुंबई सुमारे ५८० किलोमीटर. पहिल्या वर्षी स्पर्धेच्याच सकाळी पोचायचे ठरवले. त्याची एक रजा वाचली, म्हणून मीच खूश! गाडी चार तास उशिरा पोचली. तोवर वजने घेऊन झाली होती. वजनावरून गट ठरतो. वजन नाही, तर स्पर्धा नाही. पोरगा काही बोलला नाही, तेच मला अधिक लागले.

आता आम्ही दोन रात्री आधी निघतो. रात्रभर बसून पाय सुजतात, झोप मोडते. ते निवळायला एक दिवस मिळतो. त्या दिवसांत मीठ तोलूनमापून, म्हणून गाडीतला चिवडा-लोणचे बंद. काही पोरे पाणीही तोडतात. ते मी होऊ देत नाही, घेरी येते. डब्यात उकडलेली रताळी.

परत आल्यावर मात्र गोळाभात, वर कडकडीत तेलाची फोडणी. तो आधी ताट मागतो, निकाल नंतर सांगतो.