आकाशातील हाक आणि ओ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, हिंडलगा येथे दिलेले व्याख्यान)



धर्मादाय संस्थेच्या उत्सवात विमानांतील यंत्रांवर व्याख्यान कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु सांबऱ्याचा विमानतळ आपल्या भागाला परका नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली तो उभा राहिला. पुढे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे नांदू लागले आणि अलीकडच्या काळात शिकाऊ वैमानिकांची लहान विमानेही तेथून उडू लागली. वैमानिक होऊ म्हणणारी मुले-मुली आता आपल्याच घरांतून निघत आहेत.

शिवाय एक दुःखद आठवण आहे. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून उडालेली दोन लढाऊ विमाने कोसळली. ती आकाशात एकमेकांवर आदळल्याचे वृत्त त्या वेळी आले. त्यांत विंग कमांडर हनुमंतराव सारथी यांना वीरमरण आले. येथून हाकेच्या अंतरावरील गणेशपूर हे त्यांचे घर. लढाऊ विमानांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्या अपघाताची चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण एवढ्या विस्तीर्ण आकाशात दोन विमाने एकाच जागी येतात कशी, हा प्रश्न त्या दिवशी आपल्या गल्लीगल्लीत विचारला गेला. आज बोलायचे आहे ते लहान, दोन-चार आसनांच्या विमानांविषयी.

लहान विमानाचा पहिला पहारेकरी म्हणजे वैमानिकाचे डोळे. पण डोळ्यांना मर्यादा आहेत. दोन विमाने ताशी दोनशे किलोमीटर वेगाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातील अंतर ताशी चारशेने घटते. म्हणजे सेकंदाला सुमारे एकशे दहा मीटर! दीड किलोमीटरवर दुसरे विमान दिसले, तर हाती उरतात तेरा-चौदा सेकंद. दिसणे, ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान वळणे या साऱ्यास साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचा हिशेब आहे.

दुसरी अडचण याहून फसवी. वेंगुर्ले रस्त्याने आपण सायकलवर जात आहोत आणि आडवाटेने दुसरा सायकलस्वार येत आहे, असे समजा. तो आपल्या नजरेत पुढे सरकला किंवा मागे पडला, तर भीती नाही. तो एकाच कोनात राहून नुसता मोठा होऊ लागला, तर टक्कर ठरलेली. आकाशातही तसेच. धोक्याचे विमान काचेवरच्या ठिपक्यासारखे स्थिर दिसते, आणि हलणाऱ्या वस्तूकडे जाणारी आपली नजर नेमकी त्यालाच चुकते.

म्हणून यंत्राची जोड हवी. तिचे मूळ तत्त्व हाकेला ओ देण्याचे. विमानात ट्रान्सपॉण्डर नावाची एक पेटी असते. जमिनीवरील रडारने किंवा दुसऱ्या विमानाने रेडिओलहरींनी हाक मारली की ही पेटी उत्तर देते आणि सोबत आपली उंचीही कळवते. आपल्या विमानात हाक मारणारे यंत्र असेल, तर ओ यायला किती वेळ लागला यावरून ते अंतर काढते. दिशा ओळखणाऱ्या अँटेनामुळे दिशेचा अंदाज येतो. अंतर किती झपाट्याने घटते आहे हे पाहून टक्करीला किती सेकंद उरले ते ठरते. साधारणतः वीस-तीस सेकंद उरले की फलकावर पिवळी खूण उमटते आणि ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज कानी पडतो. खुणेशेजारी अधिक दोन असा आकडा असेल, तर ते विमान दोनशे फूट वर आहे असे समजावे.

दुसरा, स्वस्तातला प्रकार स्वतः हाक मारीत नाही. दुसऱ्यांच्या हाकेला दिलेली उत्तरे तो नुसता ऐकतो आणि आवाज किती जोरकस यावरून अंतराचा तर्क करतो. हा तर्क चुकूही शकतो.

तिसरा प्रकार अंधाऱ्या रात्री घुंगुरमाळा वाजवीत जाणाऱ्या बैलगाडीसारखा. येथे विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपली जागा ओळखते आणि कोणी विचारो न विचारो, दर सेकंदाला ती जाहीर करीत राहते. ज्याच्यापाशी ऐकण्याचे साधन आहे, त्याला ती फलकावर दिसते. इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरांसाठी २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ हे असेच यंत्र निघाले. ग्लायडर एकाच उष्ण हवेच्या झोतात घिरट्या घालतात, म्हणून ते केवळ जवळिकीवरून ओरडत नाही. प्रत्येकाचा पुढचा मार्ग ताडते आणि मार्ग छेदत असतील तरच सावध करते.

मोठ्या विमानांतील यंत्र याच्याही पुढे जाऊन ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असे सांगते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन मोठी विमाने आदळली आणि ३४९ माणसे गेली. एकाला पंधरा हजार फुटांवर थांबण्यास सांगितले होते, ते त्याखाली उतरले. दुसरे चौदा हजारांवर होते. टक्कर टाळणारे यंत्र दोहोंतही नव्हते. त्यानंतर भारतीय आकाशात मोठ्या विमानांना ते सक्तीचे झाले. लहान विमानातले यंत्र मात्र बहुधा केवळ सावध करते. कोठे वळावे हे वैमानिकानेच ठरवायचे.

बंधुभगिनींनो, येथे मुख्य मुद्दा येतो. ही सारी यंत्रे फक्त ओ देणाऱ्यालाच ओळखतात. ज्याच्याकडे ट्रान्सपॉण्डर नाही, ज्याने तो सुरू केला नाही किंवा ज्याची अँटेना वळताना पंखाआड गेली, तो फलकावर नाही. घार नाही, गिधाड नाही. फलक मोकळा म्हणजे आकाश मोकळे, असे मानणारा वैमानिक डोळे असून आंधळा होय. म्हणून आपल्या मुलांना दोन गोष्टी सांगा. यंत्र असले तरी नजर बाहेरच ठेवा. आणि आपली पेटी चालू ठेवा, कारण तिचा उपयोग आपल्याइतकाच दुसऱ्याला आहे.

आपली संस्था तरी दुसऱ्या कशावर उभी आहे? कोणी हाक मारली तर ओ द्यावी, आणि हाकेची वाट न पाहता आपण येथे आहोत हे कळवीत राहावे. पन्नास वर्षे आपण जमिनीवर हेच केले. आपली लेकरे आकाशातही तेच करोत आणि सुखरूप खाली उतरोत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.