फोन लेकाचा, अंगठा माझा

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



वयस्क माणसं आणि डिजिटल साक्षरता हा माझ्या पीएच.डी.चा विषय. एमएसडब्ल्यू झाल्यापासून गावोगाव फिरतेच आहे. आता हातात प्रश्नावली असते, एवढाच फरक. ‘मोबाइल वापरता येतो का?’ हा अशा अभ्यासातला नेहमीचा प्रश्न. मी त्याच्या आधी एक प्रश्न घातला : मोबाइल कुणाचा?

कंधार तालुक्यातल्या एक आजी म्हणाल्या, “फोन लेकाचा, अंगठा माझा. पगार आला का नाही, ते लेक सांगंल तवा कळतंय.” पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये. बँकेचा मेसेज लेकाच्या नंबरवर जातो. लेक वाईट नाही. पण आपल्या पैशाची बातमी आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळायची, म्हणजे हक्काचा पैसाही मागून घेतल्यासारखाच होतो.

अंगठ्याचीही तीच गत. जन्मभर कापूस वेचून, ऊस तोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्या. मशीन म्हणतं, ही ती बाई नव्हेच. मग ‘उद्या या’. पुन्हा ऑटोचं भाडं, पुन्हा बुडालेला रोज. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ बंद करू नये, असं सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलेलं आहे. हे किती आजींपर्यंत पोचलं?

मोजणीत तरी या बायका आहेत का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं आढळलं. हे आकडे १५ ते ४९ वयाचे. पन्नाशीनंतरची बाई त्यात नाहीच. २०१७ साली सुरू झालेलं पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मार्च २०२४ मध्ये संपलं. त्याची वयोमर्यादा होती १४ ते ६०, आणि घरटी एकच माणूस. साठी ओलांडलेलीला जागाच नव्हती. बाकी घरातून कोण पाठवलं गेलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

साठीच्या आतल्या बायकांचंही फार वेगळं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. विधवांनी, परित्यक्तांनी तो आणायचा कुठून? ओरड झाल्यावर मुदत वाढली, कागदपत्रांची वाट निघाली. म्हणजे यंत्रातही बाईची ओळख पुरुषाच्या नावानेच पटवायची!

‘म्हाताऱ्यांना आता काय शिकवायचं?’ असं म्हणणाऱ्यांना मी किल्लारीची आठवण देते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतल्या गावांत बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं. घरदुरुस्तीची मदत कशी मिळते, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला समजावलं. त्या वेळी तिशीत असलेल्या बाया आज साठीच्या पुढे आहेत. भूकंपाला टिकणारं घर ज्यांना कळलं, त्यांना ओटीपी कळणार नाही?

फक्त शिकवणारी बाई त्यांच्यातली हवी. “दे इकडं, मी करतो” म्हणून फोन ओढून घेणारा नातू नको. २०२२ ते २०२७ च्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात वयाची वरची अट नाही आणि डिजिटल साक्षरताही आहे. त्याचे वर्ग आपल्या मंडळात भरवा, अशी मागणी करू या. पण शिकेपर्यंत कुणाचा पगार अडता कामा नये. कागदाची, माणसाची खिडकी उघडीच राहिली पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातल्या साठीपुढच्या बायकांची यादी आणा. प्रत्येकीच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा : बँकेत नंबर कुणाचा आहे, पासबुक कुणाजवळ असतं, आणि शेवटचा पगार तिने स्वतःच्या हाताने कधी घेतला. कामाला तिथूनच सुरुवात करू.