शिखरजी : यात्रा आणि पर्यटन



चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेले श्री सम्मेदशिखरजी हे शासनदरबारी पारसनाथ वन्यजीव अभयारण्य आहे. मधुबनातून यात्रेकरू मध्यरात्रीनंतर निघतो. नऊ किलोमीटर चढण, तेवढीच टोंकांची वंदना आणि तेवढीच उतरण. कित्येकजण हा मार्ग अनवाणी, निराहार पार करतात. पर्यटक मात्र ग्राहक असतो. ग्राहक आला की त्याच्यामागून उपाहारगृह, वाहनतळ आणि करमणूक येते, हे व्यापारी समाजाला कोणी शिकवावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रजाने या डोंगरावर डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला होता. तेव्हा श्री. वीरचंद राघवजी गांधी कलकत्त्यास जाऊन राहिले. दस्तऐवज बंगालीत होते, म्हणून ती भाषा शिकले आणि कज्जा जिंकला. घोषणांपेक्षा कागद वाचण्याचे मोल त्यांनी जाणले होते.

तसाच एक कागद २ ऑगस्ट २०१९ रोजी निघाला. केंद्राच्या अधिसूचनेने अभयारण्याभोवतीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. त्यातच पर्यटनालाही वाव ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये देशभर मोर्चे निघाले. जयपूर येथे उपवास करीत असता मुनिश्री सुज्ञेयसागर महाराजांनी ३ जानेवारी २०२३ रोजी देह ठेवला. दोनच दिवसांनी केंद्राने पर्यटनाशी संबंधित कलम ३ स्थगित केले आणि मद्य, मांस, मोठ्या आवाजातील संगीत व अनधिकृत गिर्यारोहण यांवरील बंदी काटेकोर पाळण्यास राज्याला बजावले.

त्या दिवसांत अनेकांनी अधिसूचनाच रद्द करा अशी मागणी केली. भावना समजण्यासारखी होती, पण मागणी घातक होती. व्यापारी खाणकाम आणि दगडखाणी यांना अटकाव करणारा कागदही तोच. ठाणात एक डाग निघाला म्हणून कोणी सारे ठाण जाळीत नाही.

याच डोंगराला संथाळ बांधव मरांग बुरू म्हणून पूजतात. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनीही पारसनाथला जमून आपला हक्क सांगितला. हे ऐकून काहींना राग आला, तो अस्थानी होता. मोर्च्यांत त्यांचे नाव कोणी घेतले नव्हते. यात्रेकरूची डोली ज्यांच्या खांद्यावरून वर जाते, त्या गावकऱ्यांची पूजास्थाने त्याच झाडीत आहेत.

प्लास्टिकच्या बाटल्यांचे काय, हा प्रश्नही यात्रेकरूंनाच विचारावा लागेल. पर्यटक नको म्हणणाऱ्यांना मोटारसायकलवरून वंदना उरकण्याची घाई शोभत नाही.

केंद्राच्या त्याच आदेशात देखरेख समितीवर जैन समाजाचे दोन आणि स्थानिक आदिवासींचा एक सदस्य घ्यावा, असे म्हटले आहे. समाजाने तेथे देणगीदार नव्हे, तर अधिसूचना अथपासून इतिपर्यंत वाचलेली माणसे पाठवावीत आणि पहिली भेट त्या तिसऱ्या सदस्याची घ्यावी.

जय जिनेंद्र.