शब्द पाठ करू नका, शब्दांशी ओळख करा

(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मागच्या महिन्यात आपल्याच वस्तीतल्या एक बाई मला विहाराच्या पायरीवर म्हणाल्या, "ताई, पोरगी वकिलीच्या परीक्षेला बसतेय. रात्रभर इंग्रजी शब्द पाठ करते आन् सकाळी विसरते. तिच्या डोक्यात काही कमी आहे का हो?" हा प्रश्न ऐकून मला झोप लागली नाही. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून आज त्याचेच उत्तर देते.

बाई, तुमच्या मुलीच्या डोक्यात काहीही कमी नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विसरण्याचे मोजमाप केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच जाते, असे त्याला दिसले. म्हणजे विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, जातीचा किंवा वस्तीचा दोष नाही. एका रात्रीत शंभर शब्द घोकण्यापेक्षा पाचच शब्द घ्या. ते दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवून पाहा. पाच म्हणजे थोडे वाटतात, पण 300 दिवसांत 1500 होतात!

आता परीक्षा काय मागते ते बघू. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट' ही परीक्षा असते. अशी विद्यापीठे आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. 2024 च्या परीक्षेपासून 2 तासांत 120 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. 2020 पासून प्रश्न उताऱ्यांवर येतात. इंग्रजीचा उतारा साधारण 450 शब्दांचा असतो आणि त्या उताऱ्यात शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, ते विचारतात. म्हणून नुसती यादी पाठ करून भागत नाही.

एक उदाहरण देते. संविधानाच्या कलम 13 मध्ये 'ॲब्रिज' हा शब्द आहे. मुलाला त्यात 'ब्रिज' दिसतो, तो म्हणतो पूल! खरा अर्थ आहे कमी करणे, छाटणे. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा शासनाने करू नये, असे ते कलम सांगते. एका शब्दाचा अर्थ चुकला तर आपला हक्कच आपल्याला कळत नाही. परीक्षेत पाव गुण जाईल, कोर्टात मात्र माणसाचा हक्क जाईल.

दुसरी युक्ती म्हणजे शब्द फोडायला शिका. बाबासाहेबांच्या 1936 सालच्या ग्रंथाच्या नावात 'ॲनिहिलेशन' हा शब्द आहे. त्यात लॅटिन 'निहिल' आहे, म्हणजे 'काही नाही'. काहीच शिल्लक न ठेवणे, तेच निर्मूलन. 'फ्रॅटर्निटी' घ्या. त्यात लॅटिन 'फ्रेटर' म्हणजे भाऊ. आपला 'भ्राता' आणि पालीतला 'भाता' त्याचेच सख्खे नातेवाईक. हा बंधुतेचा शब्द उद्देशिकेत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घातला.

आणि वंदनेच्या वेळी आपण 'दुतियं', 'ततियं' म्हणतो ना? इंग्रजीतले 'ड्युअल' आणि 'टर्शरी' त्याच कुळातले. पालीत 'अनिच्च' आणि 'अनत्त' यांत सुरुवातीचा 'अ' किंवा 'अन्' नकार दाखवतो. ग्रीकमधून इंग्रजीत आलेल्या 'एथिस्ट' आणि 'ॲनार्की' या शब्दांतही तेच घडते. म्हणजे रोज विहारात येणाऱ्या मुलाला इंग्रजीचा अर्धा दरवाजा आधीच उघडा आहे. त्याला ते कुणी सांगितलेले नाही, एवढेच.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतः संस्कृत शिकले आणि पाली शब्दकोशही त्यांनी तयार केला. तो महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या 16 व्या खंडात छापला आहे. एवढा मोठा विद्वान माणूस, पण एकेक शब्द मांडत बसला होता. मग आपल्याला वही धरायला लाज कसली?

विद्यार्थ्यांनो, वहीत प्रत्येक शब्दासाठी तीन ओळी लिहा : तो कोणत्या वाक्यात भेटला, त्याचे तुकडे कोणते, आणि तुमचे स्वतःचे एक वाक्य. संविधानाची इंग्रजी आणि मराठी प्रत शेजारी ठेवून रोज एक कलम वाचा. कलम 17 मधल्या 'अबॉलिश'पासून सुरुवात करा. तो शब्द तुम्ही कधीच विसरणार नाही.

आणि मातांनो, आम्हाला इंग्रजी येत नाही असे म्हणून बाजूला बसू नका. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी अर्थ असतो, तो तुम्ही वाचा, मूल इंग्रजी शब्द सांगेल. वाचता येत नसेल तर "आज काय शिकलीस, मला समजावून सांग" एवढे म्हणा. जे दुसऱ्याला समजावता येते, ते डोक्यात राहते. तेवढा एक तास टी.व्ही. बंद ठेवा.

विहार समितीला माझी नम्र विनंती आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर हा हॉल दोन तास मुलांसाठी उघडा ठेवा, एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश येथे ठेवा. त्या पायरीवरच्या बाईंची मुलगी पहिल्या दिवशी येईल. तिच्या शेजारी बसायला मी येईन.

नमो बुद्धाय! जयभीम!