रडीचा डाव समुद्रात चालत नाही

लहानपणी खेळताना एक तरी मित्र असायचा बघा. आउट झाला की म्हणायचा, "हे धरायचं नाही!" आपण ओरडायचो, "रडीचा डाव!" आजची गोष्ट त्याच्याबद्दलच आहे. फक्त मैदान आहे समुद्राचं.

साल १९४२. इंग्लंडमधलं लिव्हरपूल बंदर. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनची मालवाहू जहाजं बुडवतायत. अशा वेळी कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला एक खोली मिळते. क्षयरोगामुळे नौदलाने याला आधी निवृत्त केलेलं. त्याच्या मदतीला कोण? तर नौदलाच्या महिला शाखेतल्या तरुण मुली.

या मंडळींनी काय केलं? फरशीवर चौकोन आखले आणि तिलाच समुद्र केलं. त्यावर छोटी खेळण्यातली जहाजं. शिकायला आलेले अधिकारी कापडी पडद्यामागे उभे. पडद्याच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच बघायचं, कारण खऱ्या समुद्रात रात्री कुठे सगळं दिसतं? एका चालीला दोन मिनिटं. बस्स.

आधी सगळे समजत होते की पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून टॉर्पेडो सोडते. पण जुने हल्ले फरशीवर पुन्हा मांडले, तेव्हा लक्षात आलं की ती रात्री ताफ्याच्या आत घुसते! आणि आपल्या रक्षक नौका तिला भलतीकडेच शोधतायत. मग यावर नवा डावपेच तयार झाला. त्याचं नाव 'रास्पबेरी'. हे नाव सुचवलं जीन लेडलॉ या तरुणीने.

पण खरी मजा पुढे आहे. अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन, पहिल्या महायुद्धातला नावाजलेला पाणबुडी कप्तान, एकदा स्वतः पाणबुडी होऊन खेळला. समोर जॅनेट ओकेल नावाची तरुणी. तो हरला. एकदा नाही, पाच वेळा! पण निकाल तोच राहिला. साहेब आहेत म्हणून कोणी तो फिरवला नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी इथे शिकून गेले.

आता त्याच वर्षी जपानमध्ये काय झालं बघा. मिडवेच्या लढाईआधी तिथेही असाच खेळ मांडला होता. पंचांनी निकाल दिला की जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडले. अ‍ॅडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नाही, तीनच धरा. मित्सुओ फुचिदा या जपानी अधिकाऱ्याने हे नंतर लिहून ठेवलंय. थोडक्यात काय, "हे धरायचं नाही!" आणि जूनमध्ये मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. खऱ्याखुऱ्या, माणसांसकट.

म्हणजे खेळ दोघांकडेही होता. फरक एवढाच, की एकांनी हार मान्य करून त्यातून शिकून घेतलं आणि दुसऱ्यांनी ती खोडून टाकली. फरशीवर हरलो तर खडू पुसता येतो, समुद्रात रिस्टार्टचं बटण नसतं.

तुम्हीही मॉक टेस्ट देताना उत्तर बघून "हे मला येतच होतं" म्हणत स्वतःला मार्क देता का? विचार करा. भेटू पुढच्या भागात!